पाखरांचा हिवाळा

१९६२ सालच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबर रोजी, इंग्लंडच्या दक्षिण भागात बर्फ पडू लागले. नाताळात थोडेफार बर्फ पडले तर तेथील माणसे आनंदच मानतात. परंतु या वेळी पडलेले बर्फ वितळण्याचे नाव घेईना. तीन-चार दिवसांनी वादळी वाऱ्यासह पुन्हा हिमवर्षाव झाला आणि वाटा, कुंपणे, शेतांचे बांध सारे एकाच पांढऱ्या चादरीखाली गडप झाले. नद्या गोठल्या, केंट परगण्याच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणीदेखील गोठले. मध्य इंग्लंडचे त्या जानेवारीतील सरासरी उष्णतामान शून्याखाली २.१ अंश सेंटिग्रेड होते. १८१४ च्या जानेवारीनंतर इतका थंड महिना त्या प्रदेशाने पाहिला नव्हता. नव्या वर्षातील हिमकणांवाचूनची पहिली सकाळ उजाडली ती ६ मार्च १९६३ रोजी.

माणसांनी शेगड्या पेटवून, दारे-खिडक्या लावून हा काळ कसाबसा ढकलला. उघड्या आभाळाखाली राहणाऱ्या पाखरांचे काय झाले, हे मात्र वसंत ऋतू आल्यावरच लोकांच्या ध्यानात आले. इंग्लंडच्या बागांतून आणि ओढ्यांच्या काठांनी रेन नावाचा एक अगदी चिमुकला, तपकिरी रंगाचा, शेपटी उभारून वावरणारा पक्षी राहतो. त्याचा देह अंगठ्याएवढा, पण आवाज असा खणखणीत की सबंध बाग त्याने दुमदुमून जावी. त्या वर्षीच्या वसंतात कित्येक ठिकाणी हा आवाज ऐकूच आला नाही.

योगायोग असा की, ब्रिटनमधील पक्षिनिरीक्षकांच्या एका संस्थेने नेमकी १९६२ सालीच सर्वसामान्य पक्ष्यांची गणना सुरू केली होती. शेतीत होऊ घातलेले बदल आणि कीटकनाशक औषधे यांचा पाखरांवर काय परिणाम होतो, हे पाहणे हा तिचा हेतू होता. म्हणजे हिवाळ्यापूर्वीचे आकडे हाताशी होते. १९६३ मध्ये त्याच शेतांवर पुन्हा मोजदाद झाली, तेव्हा रेन पक्ष्यांची संख्या सुमारे चार-पंचमांशाने घटल्याचे आढळून आले. राखी बगळ्यांची घरटी तेथे १९२८ पासून दरवर्षी मोजली जातात. त्यांचीही संख्या त्या हिवाळ्यानंतर निम्म्याच्या आसपास आली. खंड्याच्या कुळातला छोटा निळा धीवर आणि करडा धोबी हे ओढ्यांचे रहिवासी कित्येक ठिकाणांहून जवळजवळ नाहीसेच झाले. यांपैकी बगळा, धीवर आणि धोबी हे तिन्ही पक्षी आपल्याकडेही आढळतात, आणि तेही त्याच जातीचे. गोव्याच्या खाडीकाठी खांबावर बसून मासळीवर नजर ठेवणारा छोटा धीवर आणि थेम्स नदीच्या बर्फावर मरून पडलेला धीवर हे एकाच जातीचे भाऊबंद होत.

ही पाखरे कशाने मेली? ‘थंडीने’ हे उत्तर कोणीही चटकन देईल. परंतु ते अर्धेच खरे आहे. पाखराच्या अंगावर जी पिसे असतात, तिच्याइतकी हलकी आणि उबदार दुलई माणसाला अजून साधलेली नाही. थंडी वाढली की पाखरू आपली पिसे फुलवते. पिसांच्या थरांत हवा कोंडली जाते आणि ही कोंडलेली हवा शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच हिवाळ्यात पाखरे एकाएकी गुबगुबीत दिसू लागतात. उघड्या पायांसाठी निसर्गाने निराळीच सोय केली आहे. पायात उतरणारी उष्ण रक्ताची वाहिनी आणि पायातून परत येणाऱ्या थंड रक्ताची वाहिनी या एकमेकींना लगटून जातात. उतरणारे रक्त आपली उष्णता परतणाऱ्या रक्ताला वाटेतच देऊन टाकते. त्यामुळे पाय थंड राहतात आणि उष्णता मात्र शरीरातच राहते. बदक तासन् तास बर्फावर उभे राहू शकते ते यामुळेच.

म्हणजे वस्त्र उत्तम आहे. उणीव असते ती इंधनाची. पाखराच्या शरीराचे उष्णतामान साधारणपणे चाळीस अंश सेंटिग्रेडच्या वर असते. बाहेर शून्याखाली पारा उतरला असताना देहाची ही भट्टी रात्रंदिवस धगधगत ठेवावयाची, तर तिच्यात सतत काहीतरी घालीत राहिले पाहिजे. येथे लहान देहाची अडचण होते. लोट्यातले कढत पाणी हंड्यातल्या पाण्यापेक्षा लवकर निवते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. लहान वस्तूचा पृष्ठभाग तिच्या आकारमानाच्या मानाने मोठा असतो आणि उष्णता जाते ती पृष्ठभागावाटेच. हंस हा हंडा, तर रेन हा लोटा. युरोपातील सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक असलेला गोल्डक्रेस्ट पाच-सहा ग्रॅम वजनाचा असतो. हिवाळ्यातील एकच रात्र काढण्यासाठी त्याला आपल्या वजनाच्या एक-पंचमांशापर्यंत चरबी जाळावी लागते. पन्नास किलो वजनाच्या माणसाने रात्री झोपावे आणि सकाळी दहा किलो कमी होऊन उठावे, असाच हा प्रकार झाला.

आता या हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये दिवस आठ तासांहूनही लहान असतो आणि रात्र सोळा तासांची. मिळकतीला आठ तास आणि खर्चाला चोवीस तास, अशा व्यवहारात घर चालवावयाचे असते. हातावर पोट असलेल्या मजुराचा एक दिवस खाडा झाला, तर संध्याकाळी चूल पेटत नाही. लहान पाखराची स्थिती याहून बिकट असते. त्याचा एक दिवस बुडाला, तर पुढची सकाळ त्याला दिसेलच याची शाश्वती नसते. थंडी खर्च वाढविते हे खरे. पण ज्याला पोटभर अन्न मिळते, ते पाखरू हा वाढीव खर्च बहुधा भागवून नेते. जीव जातो तो बर्फ मिळकतीचे दार बंद करते तेव्हा.

कोणाचे दार केव्हा बंद होईल, हे ज्याच्या त्याच्या धंद्यावर अवलंबून असते. धीवराला वाहते, स्वच्छ पाणी हवे. ओढ्यावर बर्फाची साय धरली की खाली मासे असूनही तो उपाशी राहतो. बगळ्याचेही तेच. रेन पक्षी पाचोळ्यातले आणि सालीच्या फटींतले किडे, कोळी टिपून जगतो. पाचोळ्यावर बर्फ आले आणि सालीवर पाणी गोठले की त्याचा व्यवसाय बुडाला. थ्रश पक्षी ओल्या मातीतील गांडुळे ओढून काढतो, पण गोठलेली जमीन दगडासारखी होते. गव्हाणी घुबडाचे भक्ष्य असलेले उंदीर बर्फाखालच्या बोगद्यांतून खुशाल हिंडत असतात आणि वर घुबड उपाशी बसते. याउलट दाणे खाणाऱ्या फिंच पक्ष्यांना किंवा घरांच्या आसपास येणाऱ्या टिट पक्ष्यांना त्या हिवाळ्यात तुलनेने कमी झळ लागली. थंडी सर्वांना सारखीच होती. भूक मात्र सारखी नव्हती.

या संकटाला पाखरे मुकाट्याने मान देतात असे मात्र नव्हे. ज्यांना पंखांचे बळ आहे ती स्थलांतर करतात. जमीन गोठू लागताच टिटवीच्या कुळातील लॅपविंग पक्ष्यांचे थवे ब्रिटनमधून आयर्लंडकडे किंवा दक्षिणेस फ्रान्सकडे निघून जातात. ज्यांना लांबचा पल्ला झेपत नाही, ती एकमेकांच्या ऊबेला येतात. रेन हा एरवी मोठा भांडखोर पक्षी. आपल्या हद्दीत दुसऱ्याला पाऊल ठेवू देत नाही. परंतु हाडे गोठविणाऱ्या रात्री त्याचा हा बाणा गळून पडतो. १९६९ सालच्या हिवाळ्यात नॉर्फोक परगण्यात पक्ष्यांसाठी टांगलेल्या एकाच लहानशा लाकडी पेटीत एकसष्ट रेन पक्षी रात्रीच्या आसऱ्याला शिरलेले मोजण्यात आले होते. उत्तरेकडील टार्मिगन नावाचा पक्षी तर बर्फातच बीळ करून झोपतो, कारण बर्फाच्या थराखाली वारा लागत नाही आणि उष्णतामानही वरच्या हवेइतके खाली जात नाही. उत्तर अमेरिकेतील चिकडी पक्षी रात्री आपल्या शरीराचे उष्णतामान दहा-बारा अंशांनी उतरू देतो. निजताना दिव्याची वात बारीक करावी, तशी ही युक्ती आहे. तेल तेवढेच, पण ते सकाळपर्यंत पुरते.

मग पाखरांनी हिवाळ्यापूर्वीच भरपूर चरबी का साठवून ठेवू नये, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर ऑक्सफर्डजवळच्या वायथम येथील रानात मिळाले. तेथील ग्रेट टिट पक्ष्यांची वजने अनेक वर्षे नोंदली जात आहेत. १९५० नंतरच्या काळात कीटकनाशकांच्या विषामुळे ससाण्यासारखा शिकारी स्पॅरोहॉक त्या भागातून नाहीसा झाला होता. पुढे तो परत आला. शत्रू नव्हता त्या काळात टिट पक्षी अधिक जड असत आणि शत्रू परतल्यावर ते पुन्हा हलके झाले, असे गॉस्लर, ग्रीनवुड आणि पेरिन्स या शास्त्रज्ञांनी १९९५ साली दाखवून दिले. अंगावर चरबी चढली की पाखरू जड होते आणि जड पाखरू शिकाऱ्याच्या तावडीत लवकर सापडते. एकीकडे उपासमार आणि दुसरीकडे शिकारी, अशा दोन धारांमधून त्याला वाट काढावी लागते. म्हणून ते रात्र निभेल एवढेच आणि थोडे अडीअडचणीला, इतकेच गाठीला बांधते. नेहमीच्या हिवाळ्याला ही शिल्लक पुरते. १९६३ सारख्या वर्षी ती पुरत नाही.

अशा वर्षी मरण कोणाला गाठते आणि कोणाला वगळते, याविषयीही एक जुने निरीक्षण प्रसिद्ध आहे. १ फेब्रुवारी १८९८ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात मोठे हिमवादळ झाले. त्यात गारठून पडलेल्या १३६ चिमण्या ब्राउन विद्यापीठात प्राध्यापक हर्मन बंपस यांच्याकडे आणण्यात आल्या. त्यांपैकी ७२ जगल्या आणि ६४ मेल्या. बंपस यांनी जगलेल्या आणि मेलेल्या अशा दोहोंचीही वजने आणि मापे घेतली. वाचलेल्या चिमण्या आणि मेलेल्या चिमण्या यांच्या बांध्यात फरक होता, आणि अतिशय लहान किंवा अतिशय मोठ्या मापांच्या चिमण्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निसर्गाची निवड डोळ्यांदेखत चालू असल्याचा हा एक आरंभीचा पुरावा म्हणून अभ्यासक आजही ती मापे पुन:पुन्हा तपासून पाहतात.

इतके नुकसान झाल्यावर पाखरांचा वंश पुढे कसा चालतो? येथेच या कथेतील सर्वांत आशादायक भाग येतो. हिवाळा सरल्यावर जे थोडे रेन पक्षी उरले, त्यांच्या वाट्याला मोकळी जागा आणि मुबलक अन्न आले. रेनची मादी एका वेळी पाच-सहा अंडी घालते आणि पुष्कळदा एका उन्हाळ्यात दोन वेळा पिले वाढविते. एरवी यांतील बहुतेक पिले जागेच्या आणि अन्नाच्या टंचाईपायी टिकत नाहीत. आता ती टिकू लागली. काही वर्षांतच हा पक्षी पूर्वपदावर आला. ब्रिटनमध्ये घरटी करणाऱ्या सर्व पाखरांत आज रेनचीच संख्या सर्वांत अधिक आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार तेथे रेनच्या सुमारे एक कोटी दहा लाख जोड्या आहेत. बगळ्यांनाही सावरण्यास सुमारे सात वर्षे लागली, पण ते सावरले. निसर्गाचा घाव खोल असला, तरी तो भरून येतो.

मात्र तो भरून येण्यास एक अट असते. उरलेल्या पाखरांना परत वसण्यासाठी त्यांचे घर शाबूत असावे लागते. ही अट मोडली की काय होते, याचे उदाहरण दक्षिण इंग्लंडच्या झुडपी माळरानांवर घडले. तेथे वटवट्यांच्या कुळातील डार्टफर्ड वॉर्बलर हा पक्षी राहतो. तो बारमाही किडे-कोळ्यांवर जगतो आणि हिवाळ्यातही देश सोडीत नाही. १९६१ साली त्याच्या साडेचारशेच्या आसपास जोड्या होत्या. १९६३ च्या वसंतात जेमतेम दहा-अकरा जोड्या उरल्या. रेनची कुंपणे आणि ओढे देशभर पसरलेले होते. याची माळराने मात्र शेतीने, वनरोपणाने आणि नव्या घरांनी आधीच गिळून त्यांचे तुकडे केले होते. म्हणून तो अगदी नामशेष होण्याच्या काठावर जाऊन पोहोचला. उरलेली माळराने राखली गेली आणि त्यानंतरचे बरेच हिवाळे सौम्य गेले, तेव्हा कोठे तो सावरला. २००६ च्या गणनेत त्याच्या जोड्या तीन हजारांवर भरल्या. तरी त्यालाही चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट चंडोलाची आहे. १९६३ सारखा प्रदीर्घ हिवाळा इंग्लंडवर पुन्हा आलेला नाही. असे असूनही १९७० नंतरच्या काळात तेथील चंडोलांची संख्या निम्म्याहून कमी झाली. याचे एक प्रमुख कारण शेताच्या वेळापत्रकात आहे. पूर्वी धान्याची कापणी झाल्यावर शेत हिवाळाभर धसकटांसह तसेच पडून राही. गळलेले दाणे आणि तणाचे बी यांवर चंडोल आणि भारीट हिवाळा काढीत. पुढे पेरणी वसंताऐवजी शरदातच होऊ लागली. कापणी झाली की नांगर फिरू लागला आणि ते उष्टे अन्न मातीआड गेले. बर्फ पडले नाही, पारा उतरला नाही, तरी पाखरांच्या मिळकतीचे दार बंद झाले. पाखरांच्या दृष्टीने पाहता हा हिवाळा हिमाच्या हिवाळ्याहून कठोर ठरला, कारण तो मार्च महिन्यात संपत नाही. दरवर्षी परत येतो.

थंडीपेक्षा भूकच पाखराला मारते, हे एकदा कळले म्हणजे आपल्या तळ्यांवर दरवर्षी येणाऱ्या पाहुण्यांकडेही निराळ्या दृष्टीने पाहता येते. तिबेट आणि मंगोलिया येथील सरोवरे गोठतात, म्हणून डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून दक्षिणेत उतरतो. त्याच्या अंगची पिसे तेथील थंडीला पुरी पडली असती. पण गोठलेल्या पाण्यात आणि बर्फाखालच्या गवतात त्याला खायला काय मिळणार? बडोदे संस्थानाने १९१० साली शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला वढवाणा तलाव, इंदुरातील होळकरकालीन सिरपूर तलाव, गोव्यातील करमळीचे तळे, ही सारी अशा उत्तरेकडच्या पाहुण्यांची हिवाळी कोठारे होत. वढवाण्याला २०२१ साली आणि सिरपूरला २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. जोंधळ्याच्या शेतांवर थव्याथव्याने उतरणाऱ्या भोरड्याही अशाच लांबून आलेल्या. तलाव बुजविला किंवा त्याच्या काठचा गाळपेराही उरला नाही, तर इकडे बर्फाचा एक कणही न पडता त्या पाखरांचा हिवाळा १९६३ चा होऊन जातो.

माणसाच्या हाती काय आहे, हेही यावरून उघड होते. आकाशातून पडणारे बर्फ त्याला थांबविता येत नाही, पण भूक थोडीफार अडविता येते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात अंगणात दाणे आणि चरबीचे गोळे टांगण्याची आणि गोठलेल्या भांड्यातील पाणी फोडून ताजे ठेवण्याची चाल घरोघर आहे. सलग सुमारे दोन आठवडे सर्वत्र कडाक्याची थंडी टिकली, तर पाणपक्ष्यांच्या शिकारीवर तात्पुरती बंदी घालण्याची तरतूद तेथील कायद्यात आहे. उपाशी पाखराला बंदुकीच्या आवाजाने उडावयास लावणे म्हणजे त्याची उरलीसुरली शिल्लक लुटणे होय, एवढे ते जाणतात. शेतकऱ्यांनी एखाद्या तुकड्यात धसकटे राहू द्यावीत, यासाठी त्यांना सरकारकडून मोबदलाही दिला जातो.

शेताच्या कडेला ठेवलेले एक काटेरी कुंपण, न बुजविलेले एक डबके, कापणीनंतर काही आठवडे न नांगरलेला एक तुकडा, या गोष्टी माणसाच्या हिशेबात क्षुल्लक वाटतात. परंतु आठ ग्रॅमच्या देहाला सोळा तासांची रात्र पार करावयाची असते, तेव्हा त्याची सारी पुंजी याच ठिकाणी ठेवलेली असते. ती जागेवर राहिली, तर हिवाळा कितीही कठोर येवो, वसंतात ओढ्याकाठी कोणीतरी गाणारे उरते.